हेन्री डन्स्टर, हार्वर्डचा पहिला अध्यक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्वर्डबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं ते बहुतेक प्रवेश, फी आणि शिष्यवृत्ती याच्या पलीकडे जात नाही. कॉलेज उभं कसं राहिलं, हे विचारलं की जॉन हार्वर्डचं नाव पुढे येतं आणि गाडी तिथेच थांबते. ज्या माणसाने बंद पडलेलं कॉलेज चौदा वर्षं ओढून नेलं आणि शेवटी एका नकारापायी घर-नोकरी दोन्ही सोडली, त्याच्याविषयी लोक अधूनमधून विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हेन्री डन्स्टर नेमका कोण?

इंग्लंडमधल्या लँकाशर परगण्यातल्या बरी गावचा. जन्म १६०९चा. केंब्रिजच्या मॅग्डलेन कॉलेजात शिकला, एम.ए. झाला, मग गावी परतून शाळामास्तरकी आणि चर्चमध्ये दुय्यम पाळकाचं काम करत राहिला. १६४०च्या उन्हाळ्यात तो बोटीने बॉस्टनला उतरला आणि २७ ऑगस्ट १६४० रोजी हार्वर्डचा अध्यक्ष झाला. २४ ऑक्टोबर १६५४ रोजी त्याने पद सोडलं. ग्रीक, हिब्रू आणि इतर पौर्वात्य भाषांचा त्याचा अभ्यास दांडगा होता.

पण हार्वर्ड तर जॉन हार्वर्डने काढलं ना?

नाही. कॉलेज काढायचं ठरवलं ते मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या जनरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने. ऑक्टोबर १६३६मध्ये त्यासाठी ४०० पौंड मंजूर झाले. जॉन हार्वर्ड हा तरुण पाद्री १६३८मध्ये क्षयाने वारला आणि जाताना अर्धी मालमत्ता व सुमारे ४०० पुस्तकं कॉलेजला देऊन गेला, म्हणून पुढच्या वर्षी कॉलेजला त्याचं नाव मिळालं. आज आवारात त्याचा जो पुतळा आहे त्यावर 'संस्थापक' असं लिहिलेलं आहे. ते चूक आहे, खाली कोरलेलं १६३८ हे स्थापनेचं सालही चूक, आणि चेहराही त्याचा नाही, कारण त्याचं एकही चित्र उपलब्ध नव्हतं. तरी पर्यटक त्याच्या बुटाला हात लावून फोटो काढतातच.

डन्स्टरच्या आधी कॉलेज कोण चालवत होतं?

नॅथॅनिएल ईटन नावाचा मास्तर. 'अध्यक्ष' हे पद तेव्हा नव्हतंच, म्हणून पहिलेपणाचा मान डन्स्टरकडे जातो.

ईटनची कारकीर्द म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. त्याने ब्रिस्को नावाच्या आपल्या मदतनिसाला अक्रोडाच्या लाकडाच्या हातभर सोट्याने बडवलं. सोटा असा की घोडा मेला असता, अशी नोंद गव्हर्नर विन्थ्रॉपच्या रोजनिशीत आहे. खटला उभा राहिला तेव्हा मुलांनी जेवणाच्या तक्रारी काढल्या आणि मास्तरीणबाईंना कोर्टापुढे कबुलीजबाब द्यावा लागला. मासे आतडी न काढता वाढले गेले, मक्याच्या पिठाच्या लापशीत बकरीच्या लेंड्या निघाल्या, बिअर तर कित्येकदा मिळालीच नाही. वसतिगृहाची मेस आणि तिथल्या तक्रारी या बाबतीत पावणेचारशे वर्षांत फारसं काही बदललं नाही, असं वाटून जातं! १६३९मध्ये ईटनला काढून टाकलं, तो पळून व्हर्जिनियाला गेला, आणि वर्षभर कॉलेजला कुलूप लागलं.

नुकत्याच उतरलेल्या माणसाला तीन आठवड्यांत अध्यक्ष कसं केलं?

दुसरं कुणी मिळत नव्हतं, हे अर्धं उत्तर. वसाहतीत केंब्रिजचे पदवीधर होते, पण बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये पाळक म्हणून अडकलेले. डन्स्टर तिशीतला, अविवाहित, शिकवण्याचा अनुभव असलेला आणि अजून कुठे न गुंतलेला. ईटनने हात पोळल्यावर लोकांना सोटा न उगारणारा विद्वान हवा होता.

हाती आलं काय? अर्धवट बांधलेली लाकडी इमारत, विखुरलेले विद्यार्थी, आणि शिकवायला एकटा तो.

तो एकटा सगळं शिकवायचा? काय शिकवायचा?

सुरुवातीला एकटाच. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, तीन वर्ग, शिक्षक एक. १६४३मध्ये लंडनला छापलेल्या माहितीपत्रकात वेळापत्रकच दिलेलं आहे. सोमवार-मंगळवार सकाळी आठला पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र, नऊला दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र, दहाला तिसऱ्या वर्षाला अंकगणित-भूमिती आणि वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत खगोलशास्त्र. बुधवारी ग्रीक. गुरुवारी हिब्रू, खाल्डी आणि सिरियाक. शुक्रवारी वक्तृत्व. शनिवारी धर्मशिक्षण, शिवाय हिवाळ्यात इतिहास आणि उन्हाळ्यात वनस्पतींची ओळख.

प्रवेशाची अट अशी की सिसेरोसारखा लॅटिन लेखक समोर ठेवला की तो तिथल्या तिथे वाचून अर्थ सांगता यावा, लॅटिन गद्य-पद्य रचता यावं, ग्रीक नामं-क्रियापदं चालवता यावीत. आणि आवारात इंग्रजी बोलायला बंदी! सार्वजनिक भाषणात फर्मावलं तरच मातृभाषा, एरवी लॅटिन. माझ्या शाळेत मराठी बोललं की चार आणे दंड असायचा, त्यामुळे हा नियम वाचताना त्या पोरांविषयी मला जरा जास्तच जवळीक वाटते.

पहिली तुकडी किती जणांची?

नऊ. १६४२च्या शरद ऋतूत पदवीदान झालं. इंग्लंडच्या राजाने पदव्या देण्याचा अधिकार दिलेला नव्हता. डन्स्टरने केंब्रिजच्या नमुन्यावर त्या खुशाल देऊन टाकल्या. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्या मानल्याही गेल्या.

या नऊ जणांत जॉर्ज डाउनिंग होता. डन्स्टरने पुढे त्याला वर्षाला ४ पौंडांवर शिकवायला ठेवलं. नंतर तो इंग्लंडला गेला, राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलचा माणूस झाला, वारं फिरताच राजाचा झाला, आणि पैसा केला. ब्रिटनचे पंतप्रधान राहतात ती लंडनची डाउनिंग स्ट्रीट त्याच्याच नावाची.

कॉलेज चालायचं कशावर?

नाण्यांचा दुष्काळ असलेल्या देशात कॉलेज चालवणं म्हणजे काय, ते हिशेबाच्या वह्यांत दिसतं. मुलांची फी गहू, माल्ट, लोणी, मांस, मेंढ्या अशा रूपात यायची. १६४४मध्ये कॉलेज ज्या गावात होतं त्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा पाळक थॉमस शेपर्ड याच्या सूचनेवरून चारही संयुक्त वसाहतींत आवाहन झालं की ज्या घराला जमेल त्याने कॉलेजला पाव बुशेल धान्य, म्हणजे साधारण नऊ लिटरच्या मापाचं, किंवा एक शिलिंग द्यावा. 'कॉलेजचं धान्य' असंच त्याला म्हणत. आपल्याकडे गावातून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालली, तशातलाच प्रकार.

दुसरं उत्पन्न चार्ल्सटाउनच्या नावेचं. नदी ओलांडायचं भाडं कॉलेजला तोडून दिलेलं होतं. पण लोक भाडं द्यायचे वॅम्पममध्ये. शिंपल्यांपासून घडवलेल्या मण्यांचं हे चलन मूळ रहिवाशांकडून आलेलं होतं, आपल्या जुन्या कवड्यांसारखं. फुटके, बेरंगी मणी नेमके नावाड्याच्या हातावर ठेवले जायचे आणि ते फिरून कॉलेजच्या गल्ल्यात. त्यात कॉलेज बुडतंय, अशी डन्स्टरची तक्रार होती.

मोठ्या देणग्या इंग्लंडहून आल्या. त्यातली एक लेडी मोल्सन यांची, १६४३मधली, १०० पौंडांची. हार्वर्डची ही पहिली शिष्यवृत्ती. बाईंचं माहेरचं नाव अ‍ॅन रॅडक्लिफ. अडीचशे वर्षांनी, १८९४मध्ये, हार्वर्डच्या शेजारच्या मुलींच्या कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं.

पगार? ठरलेला पगारही असाच धान्यात, मण्यांत, गुराढोरांत आणि उशिरा. अध्यक्षाचं घर उभं करताना त्याने पदरचे पैसे घातले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

अमेरिकेतला पहिला छापखाना त्याच्या घरात होता, हे खरं का?

इंग्रज वसाहतींतला पहिला, असं म्हणा. मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी शंभर वर्षं आधीच छापायला सुरुवात केली होती. पण बाकी खरं आहे, आणि त्यामागे एक लग्न आहे.

जोझेफ ग्लोव्हर नावाचा पाद्री १६३८मध्ये छपाईयंत्र, कागद आणि स्टीफन डे हा कुलपं बनवणारा कारागीर घेऊन निघाला आणि वाटेत बोटीवरच वारला. त्याची विधवा एलिझाबेथ यंत्रासकट पोहोचली. छापखाना केंब्रिजमध्ये सुरू झाला आणि १६४०मध्ये तिथे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचं पद्य भाषांतर छापलं गेलं, 'बे साम बुक' म्हणतात ते. १,७०० प्रती निघाल्या, आज ११ उरल्यात. त्यातली एक २०१३मध्ये लिलावात १ कोटी ४० लाख डॉलरांच्या वर गेली.

१६४१मध्ये डन्स्टरने या एलिझाबेथबाईंशी लग्न केलं. दोन वर्षांत त्या वारल्या. पाच सावत्र मुलं आणि छापखाना डन्स्टरकडे राहिला. यंत्र अध्यक्षांच्या घरात हललं. स्तोत्रांचं भाषांतर ओबडधोबड आहे असं सगळ्यांनाच वाटत होतं, तेव्हा डन्स्टरने रिचर्ड लायनला बरोबर घेऊन ते घासूनपुसून १६५१मध्ये पुन्हा काढलं. १६४४मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. या पत्नीचंही नाव एलिझाबेथच. पुढे सावत्र मुलाने, जॉन ग्लोव्हरने, बापाच्या इस्टेटीच्या हिशेबावरून त्याला कोर्टात खेचलं.

१६५०च्या सनदेचं एवढं महत्त्व का?

कारण ती आजही लागू आहे. ३१ मे १६५० रोजी गव्हर्नर थॉमस डडलीच्या सहीने निघालेल्या या सनदेने एक अध्यक्ष, पाच फेलो आणि एक खजिनदार अशा सात जणांचं कायदेशीर मंडळ बनवलं. सभासद बदलतील, मंडळ मरणार नाही, जमीन-पैसा त्याच्या नावावर राहील. ही सनद मागून घेतली ती डन्स्टरने. ही सातची संख्या २०१०पर्यंत टिकली, मग ती १३ करायचं ठरलं.

माझ्या मते त्याचं खरं काम हेच. ईटनच्या वेळी एक माणूस बिघडला आणि कॉलेज बंद पडलं. सनदेनंतर माणूस गेला तरी कॉलेज बंद पडण्याची सोय उरली नाही. त्याची पहिली परीक्षा चारच वर्षांत झाली, आणि जाणारा माणूस तोच होता.

मूळ रहिवाशांच्या मुलांना त्याने शिकवलं का?

सनदेत 'या देशातील इंग्रज आणि इंडियन तरुण' असे शब्द आहेत (इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी), आणि त्यावरून त्याचं कौतुक बरंच होतं. पण १६४६मध्ये दोन इंडियन मुलं त्याच्याकडे ठेवली होती, तेव्हा त्याने लिहून कळवलं की मुलं फार लहान आहेत, माझ्या शिकवण्याचा त्यांना उपयोग नाही आणि माझ्या कामात अडथळा होतो, तर त्यांची लवकरात लवकर दुसरीकडे सोय करा. हेही त्याच्याच हातचं. इंडियन मुलांसाठी वेगळी इमारत झाली ती तो गेल्यावर. तिथून १६६५मध्ये वॅम्पनोअग जमातीचा केलेब चीशाटोमक पदवीधर झाला, आणि त्याआधी १६६३मध्ये त्याच केंब्रिजच्या छापखान्यात मॅसॅच्युसेट भाषेतलं बायबल छापलं गेलं.

मग राजीनामा का द्यावा लागला?

तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यावरून.

प्युरिटन, म्हणजे वसाहतीतल्या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट मंडळींत मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा देत. आपल्या नजरेला हा एक धार्मिक विधी, बारशासारखा. तिथे मात्र तो समाजाच्या सभासदत्वाचा पाया होता. चर्च आणि सरकार एकमेकांत विणलेले असल्यामुळे, लहान मुलांचा बाप्तिस्मा नाकारणं म्हणजे व्यवस्थेच्या मुळावर घाव. १६४४पासून त्याविरुद्ध हद्दपारीचा कायदाच होता.

१६५१मध्ये ओबडाया होम्स नावाच्या बॅप्टिस्ट, म्हणजे बाळांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या पंथाच्या माणसाला बॉस्टनमध्ये चाबकाचे ३० फटके मारले गेले. दंड भरायला त्याने नकार दिला होता. फटके संपल्यावर तो न्यायाधीशांना म्हणाला, तुम्ही मला जणू गुलाबांनी मारलंत. या प्रकरणानंतर डन्स्टर या प्रश्नाच्या अभ्यासाला लागला, असं मानलं जातं. त्याच्या स्वभावाला धरूनच आहे ते. मूळ ग्रीक वाचता येणारा माणूस, त्याने नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा दाखला शोधला, आणि तो सापडला नाही.

१६५३च्या शरद ऋतूत त्याचा मुलगा जोनाथन जन्मला. डन्स्टरने त्याला बाप्तिस्म्यासाठी नेलं नाही. अध्यक्षाचं मूल, गाव एवढंसं, लपणार काय?

गावचा पाळक होता जोनाथन मिचेल, डन्स्टरचाच विद्यार्थी, जेमतेम तिशीचा. तो गुरूला समजवायला गेला आणि स्वतःच हलून परत आला. बाळांच्या बाप्तिस्म्याविरुद्धचे विचार आपल्या मनात घाईघाईने घुसू लागले, हे सैतानाचंच काम, असं त्याने लिहून ठेवलंय. डोंगर हलवेल असा युक्तिवाद मिळेपर्यंत आपण जागचं हलायचं नाही, असंही त्याने ठरवलं. गुरूशी वाद घालून जिंकता येत नाही हे कळलेल्या विद्यार्थ्याची ही नोंद मला सगळ्या प्रकरणात सर्वांत माणसासारखी वाटते.

फेब्रुवारी १६५४मध्ये बॉस्टनला पाद्री मंडळींनी दोन दिवस त्याच्याशी वाद केला. डन्स्टरने आपला मुद्दा लॅटिनमध्ये मांडला: जे उघडपणे श्रद्धावंत आहेत, बाप्तिस्मा फक्त त्यांचा. तसूभरही मागे हटला नाही. मे महिन्यात जनरल कोर्टाने ठराव केला की ज्यांची श्रद्धा शुद्ध नाही अशांना शिक्षक म्हणून ठेवू नये. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. जूनमध्ये त्याने राजीनामा पाठवला, पण तो लगेच स्वीकारला गेला नाही. विचार करायला महिनाभर सवड मिळाली.

ती त्याने अशी वापरली: ३० जुलैच्या रविवारी केंब्रिजच्या चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा होता. प्रवचन संपलं आणि डन्स्टर उभा राहून भर सभेत त्याविरुद्ध बोलू लागला. थांबवायचा प्रयत्न झाला, तो थांबला नाही. ऑक्टोबरमध्ये दुसरा आणि शेवटचा राजीनामा.

गप्प बसला असता तर नोकरी टिकली असती का?

बहुधा हो. त्याच्या जागी आलेल्या चार्ल्स चॉन्सीकडे पाहा. चॉन्सीचंही बाप्तिस्म्याबाबत वेगळं मत होतं: पाणी शिंपडून भागत नाही, बाळाला पूर्ण बुडवलंच पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधल्या हिवाळ्यात! त्याला एवढंच सांगितलं गेलं की हे मत जाहीर मांडू नका. त्याने मान्य केलं आणि मरेपर्यंत, १६७२पर्यंत, अध्यक्ष राहिला.

अर्थात दोघांच्या मतांत फरक होता, चॉन्सी बाळांचा बाप्तिस्मा नाकारत नव्हता. पण लोकांना डन्स्टर हवाच होता. वाटेतून परतण्याची संधी त्यांनी दोनदा दिली. म्हणून मी त्याला नुसता छळाचा बळी म्हणत नाही. चर्चमध्ये उभं राहण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केली नव्हती. त्या बाळाच्या आईबापांना त्या रविवारी काय वाटलं असेल, हा विचारही मनात येतोच.

हिवाळ्यातला तो प्रसिद्ध अर्ज काय आहे?

राजीनाम्यानंतर घर सोडायचं होतं. नोव्हेंबर १६५४मध्ये त्याने जनरल कोर्टाला अर्ज केला. त्यात धर्मावर अवाक्षर नाही. मुद्दे आहेत ते असे: दिवस सर्वांत लहान होत आलेत, हिवाळा भर थंडीत शिरतोय. जिथे जायचं ती जागा अनोळखी. इथल्या घरात मात्र माणसांचं आणि जनावरांचं हिवाळ्याचं सगळं भरून ठेवलंय, सरपणसुद्धा. हे घर मी स्वतः तोशीस सोसून, कॉलेजच्या प्रेमापोटी बांधलं. माझ्याशिवाय घरात सगळ्या बायका आणि मुलं. पत्नी आजारी आहे. आणि धाकटं मूल कित्येक महिने इतकं आजारी आहे की त्याला दाराबाहेर काढायची हिंमत होत नाही.

हे धाकटं मूल म्हणजे जोनाथन. ज्याच्या बाप्तिस्म्यावरून सगळं घडलं, तोच. कोर्टाने मार्चपर्यंत राहू दिलं. जोनाथन वाचला आणि मोठा झाला.

नंतर तो कुठे गेला?

प्लिमथ वसाहतीतल्या सिच्युएट गावी. तिथलं चर्च चॉन्सीने हार्वर्डसाठी सोडलं होतं. म्हणजे एकाने दुसऱ्याची खुर्ची घेतली आणि दुसऱ्याने पहिल्याचं गाव. २७ फेब्रुवारी १६५९ रोजी डन्स्टर तिथेच वारला. पन्नाशीही गाठली नाही.

काही ठिकाणी मृत्यूचं साल १६५८ का दिसतं?

तेव्हा इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी ते मार्चच्या तारखा जुन्या कागदांत मागच्या सालात पडतात. बॉस्टनचा वाद १६५३ की १६५४, हा गोंधळही त्यातलाच.

मराठी माणसाचा या सगळ्याशी काही संबंध?

डन्स्टरशी थेट नाही, ओढूनताणून जोडायचा नाही. त्याच्या कॉलेजशी मात्र आहे. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१०मध्ये पहिल्यांदा हार्वर्डला गेले, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी, आणि त्यानंतरही अनेकदा. दुसऱ्या खेपेला मुलगा दामोदर बरोबर होता. तो तिथेच केंब्रिजमध्ये शाळेत गेला आणि १९२९मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. ज्या गुरुवारी डन्स्टर हिब्रू आणि सिरियाक शिकवायचा, त्या परंपरेत पाली येऊन बसली ती अशी.

डन्स्टरच्या खुणा आज कुठे दिसतात?

चार्ल्स नदीकाठी लाल घुमटाचं डन्स्टर हाउस हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे, १९३०मध्ये उघडलेलं. हार्वर्ड चौकाजवळ डन्स्टर स्ट्रीट आहे.

आणि चौकासमोरच्या जुन्या दफनभूमीत तो स्वतः आहे. सिच्युएटला मेला तरी केंब्रिजला पुरा, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं. त्याच मृत्युपत्रात त्याने दोन माणसांना पुस्तकं ठेवली आणि त्यांना आपले आदरणीय, भरवशाचे मित्र म्हटलं. एक कॉलेजचे अध्यक्ष चॉन्सी. दुसरा केंब्रिजचा पाळक मिचेल.